वीतभर अंतर

नाना दळवी आमच्या पडवीत आले तेव्हा त्यांच्या हातात दिवाळी अंकाची गुंडाळी होती. बसायच्या आधीच त्यांनी ती माझ्या डोक्यावर हलकेच मारली.

“काय गो बाय, त्या गोष्टीतलो राजा म्हणजे मीच मां?”

आत कपबशांचा आवाज थांबला. आई ऐकत होती.

“नाय ओ, नाना. राजा मनातलो.”

“मनातलो? मग तेका माझ्यासारखी पान खाऊची सवय कशी लागली?” आणि ते मोठ्याने हसले. बाबा खांबाला टेकून वाती वळत बसले होते. तेही थोडं हसले, कारण नाना हसत होते. गोष्ट बाबांनी वाचली नव्हती. मीच त्यांना अंक दाखवला नव्हता.

नाना पंधरा वर्षं कुसब्याचे सरपंच होते. रवळनाथाच्या देवस्थान समितीचे अध्यक्षही तेच. बाबा, म्हणजे विश्राम गुरव, त्या देवळाचे गुरव. आमच्या घरातली ती सातवी पिढी. मी नुकतीच कोल्हापूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन आले होते आणि नोकरीच्या पत्राची वाट बघत होते. गोष्ट मी शेवटच्या वर्षी वसतिगृहात लिहिली होती.

ती अशी होती. एका छोट्या राज्याचा राजा प्रत्येक गोष्ट देवाला विचारून करतो. भावाला तुरुंगात टाकू का, तिसरं लग्न करू का, पाणवठ्याला कुंपण घालू का. देव दर वेळी हो म्हणतो. राणी एकदा विचारते, देव कधीच नाही कसा म्हणत नाही? राजा देवालाच विचारतो, राणीला गप्प करू का? देव हो म्हणतो. शेवटी राजा आजारी पडतो आणि विचारतो, मी जगेन का? देव सवयीने हो म्हणतो. दुसऱ्या दिवशी राजा मरतो. पण देवाने हो म्हटलेलं असल्यामुळे त्याला मेलेला म्हणायची कोणाची छाती होत नाही. मेलेला राजा पुढे अकरा वर्षं राज्य करतो.

“अकरा वर्सा!” नाना डोळे पुसत म्हणाले. “हसान हसान माझ्या पोटात दुखाक लागला. आणि तो प्रधान तेच्या तोंडावरच्यो माश्यो वारता!”

“चाय घेवा, नाना,” आई म्हणाली.

नानांनी कप घेतला, अंक मांडीवर उघडला आणि एका पानावर बोट ठेवलं. “आता ह्या सांग. समईचा लिवलंस ता खरा?”

आमच्याकडे गावाचा कोणताही मोठा प्रश्न कौल लावून सोडवतात. देवाच्या पाषाणाला पाण्याने आंघोळ घालतात आणि त्याच्या छातीवर दोन बाजूंना तगरीच्या दोन पाकळ्या ओल्याने चिकटवतात. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दोन्ही बाजूंना एकेक समई असते. बाबा दोन्ही समया पाषाणापासून बरोबर दोन विती अंतरावर ठेवत. मी लहानपणापासून उंबऱ्याबाहेर बसून ते बघत आले होते. वीत मोजताना त्यांचा अंगठा आणि करंगळी जमिनीवर टेकायची. पाकळ्या एकाच फुलाच्या असत आणि बाबा त्या दोन्ही अंगठ्यांनी एकाच वेळी दाबत. त्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, बापाने असं शिकवलं. मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा मला कळलं की तुलनेचा प्रयोग करताना आम्हीही हेच करतो.

माझ्या गोष्टीतला गुरव राजाच्या सांगण्यावरून उजवी समई एका वितीने आत सरकवतो. त्या बाजूचं पाणी लवकर वाळतं आणि पाकळी लवकर सुटते. हे मी नुसतं कल्पनेने लिहिलं नव्हतं. वसतिगृहाच्या खानावळीतला काळा वरवंटा मी उभा केला, मैत्रिणीच्या घरून दोन समया आणल्या आणि तीस वेळा करून बघितलं.

“खरा,” मी म्हटलं. “तीसमध्ये सत्तावीस वेळा जवळच्या समईकडची पाकळी आधी पडली.”

“मोजलंस?”

मी आत जाऊन वही आणली. आज हे लिहिताना मला त्या धावत आत जाण्याची सगळ्यात जास्त आठवण येते. पान उघडून मी त्यांना रकाने दाखवले. तारीख, हवेतली आर्द्रता, मिनिटं, कोणती पाकळी. नानांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. पान उलटलं नाही.

“इद्या म्हणतत ती ही,” ते बाबांना म्हणाले. “विश्राम, तुजा चेडू मोठा हुशार हा. गावान सत्कार करूक व्हयो.”

बाबांच्या हातातली वात वळायची थांबली होती.

त्या दिवशी जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, “माका वाचून दाखव.”

मी सगळी गोष्ट वाचली. मेलेल्या राजाच्या ठिकाणी आई हसली. बाबा हसले नाहीत. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “त्या गुरवाचा नाव काय?”

“नाव नाय दिलंय.”

“बरा,” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

चार दिवसांनी नानांनी बाबांना देवळात बोलावून घेतलं. मी नैवेद्याचं ताट घेऊन गेले होते, त्यामुळे मला शेवटचं बोलणं ऐकू आलं. पंचायतीची निवडणूक महिन्यावर आली होती. आमच्या गावात मतदान कधी होत नसे. सात वाड्यांची माणसं देवळात जमत, सरपंचाच्या नावावर कौल लावत, आणि देवाने होकार दिलेला एकच माणूस अर्ज भरी. या वेळी नानांना आपला मुलगा हेमंत उभा करायचा होता. वरच्या वाडीतल्या लोकांच्या मनात दुसरं नाव होतं.

“गाव एक रवाक व्हयो, विश्राम,” नाना म्हणत होते. “मतदान झाला तर भावाभावात डोकी फुटतली. तुका ता बघवतला?”

“देव काय तो सांगीत.”

“देव सांगतलोच. पण देवाक जरा उजेड जास्त दाखवलो तर काय बिघडला? एक वीतच मां?”

“समई खंय ठेवची ता माका बापाशीन दाखवलेला हा. माझ्याच्यान ता जमाचा नाय, नाना.”

“तुज्या चेडवान तर छापून टाकल्यान.”

“तिना गोष्ट लिवल्यान.”

“हां,” नाना म्हणाले. “गोष्टच ती.” बाहेर पडताना त्यांनी माझ्या हातातल्या ताटाकडे बघितलं आणि विचारलं, “काय केलंस गो आज नैवेद्याक?” मी म्हटलं, खीर. ते म्हणाले, वा.

पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता समितीने देवळात सभा बोलावली. मला वाटलं निवडणुकीची असेल. पुरुष सभामंडपात बसले, बायका बाजूच्या पायऱ्यांवर. मी आईजवळ बसले. बाबा गाभाऱ्याच्या दाराशी उभे होते, कमरेला गाभाऱ्याची पितळी किल्ली.

नाना उभे राहिले आणि त्यांनी दिवाळी अंक वर धरला. आवाज चढवला नाही. दुःख झालेल्या माणसासारखे ते बोलत होते.

“ह्यो अंक कोल्हापुराक छापलो. आपल्या गावचा नाव तेच्यात नाय. पण कौल आपलो हा, समई आपली हा, गुरव आपलो हा. तेच्यात लिवलेला हा की गुरव समई सरकवता आणि देवाच्या तोंडात आपला उत्तर घालता. दुसऱ्या कोणी लिवल्यान असता तर मी तेका कोर्टात खेचलंय असतंय. पण ह्या गुरवाच्याच घरातून इला. मगे आम्ही काय समजाचा?”

मी उभी राहिले. “नाना, ती कथा आहे. ती बाबांची नाही.”

“मगे कोणाची?”

याचं उत्तर काही दिवसांपूर्वी पडवीत आम्ही दोघांनी हसत हसत दिलं होतं. सभामंडपात शंभरेक माणसं होती. मी बाबांकडे बघितलं. ते समईकडे बघत होते.

“राजाची,” मी म्हटलं.

एक-दोघे हसले. नानाही हसले. “राजाक सोड. राजा मनातलो. तू माका वही दाखवलंस ती पण मनातली?”

“नाही.”

“तीस वेळा करून बघितलंस. खरा की खोटा?”

“खरं.”

“समई सरकवली तर कौल बदलता.”

मला पाच वर्षं शिकवलं होतं की निष्कर्ष जेवढा असेल तेवढाच सांगावा, कमी नाही आणि जास्त नाही. “बदलतो,” मी म्हटलं. “बहुतेक वेळा.”

“आणि आपल्या देवळात समई कोण ठेवता?”

नानांनी उत्तराची वाट बघितली नाही. ते खाली बसले.

पायऱ्यांवर माझ्या मागे द्रौपदीकाकी बसल्या होत्या. त्या उठल्या. त्या कधी सभेत बोलत नसत. त्यांचा मुलगा सुहास माझ्या वर्गात होता. आम्ही सहावीत असताना त्याच्या छातीत काहीतरी निघालं आणि डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं होतं. काकींनी कौल लावला होता, नेऊ की नको. डावी पाकळी पडली. त्यांनी नेलं नाही. श्रावणात सुहास गेला.

“विश्राम,” त्या म्हणाल्या, “माझ्या झिलाच्या येळाक समई खंय होती?”

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. “दोन वितीर, वयनी. दोनय बाजूक दोन वीत.”

“माका कसा कळतला?”

“मी सांगतंय मां.”

“तू सांगतंस,” काकी म्हणाल्या. “बारा वर्सा मी म्हणत होतंय, देवान सांगितल्यान.”

त्या बसल्या नाहीत. तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे अजून एक बाई उठली, मग कोपऱ्यातला एक म्हातारा. एकाला भावाशी झालेली वाटणी आठवली, एकाला मोडलेलं लग्न. कोणी ओरडत नव्हतं. प्रत्येक जण तेवढंच विचारत होता, समई कुठे होती. बाबा प्रत्येकाला तेच उत्तर देत होते. दोन वीत. दोन वीत. शेवटी शेवटी ते नुसती दोन बोटं वर करत होते.

समितीने ठरवलं की चौकशी होईपर्यंत देवाची सेवा बाबांचे चुलत भाऊ भिवाकाका बघतील. चौकशी कधी झाली नाही. बाबांनी कमरेची किल्ली सोडली. गाठ घट्ट होती, त्यामुळे थोडा वेळ लागला. सगळे वाट बघत राहिले. भिवाकाकांनी दोन्ही हात पुढे केले, पण बाबांनी किल्ली त्यांच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवली, कारण सेवा संपली की ती तिथेच ठेवायची असते.

घरी येताना आई माझ्याशी बोलली नाही. बाबा बोलले. म्हणाले, “वाती वळून ठेवलेल्यो हत. भिवाक नेऊन दी. तेका बारीक वळता येणत नाय.”

मी वातींचा डबा नेऊन दिला.

कौलाचा दिवस पंधरा दिवसांनी आला. मला वाटलं होतं बाबा जाणार नाहीत. पण त्यांनी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं आणि म्हणाले, “गावाचा गाऱ्हाणा हा. गावात रवतंय म्हटल्यावर जावक व्हया.” आम्ही तिघं गेलो. बाबा सभामंडपात शेवटच्या रांगेत बसले. मी उंबऱ्याजवळच्या पायरीवर, लहानपणी जिथून बघायचे तिथेच बसले.

भिवाकाकांनी पाषाणाला आंघोळ घातली. एका फुलाच्या दोन पाकळ्या तोडल्या. मग त्यांनी समया ठेवल्या. डावी ठेवताना त्यांनी वीत टेकवून मोजली, एक, दोन. उजवी मोजली नाही. ठेवली आणि हात मागे घेतला.

मी नजरेने मोजलं. एक वीत. कदाचित थोडी कमी.

हे बघायला रसायनशास्त्र लागत नव्हतं. उजव्या अंगाला दगड झळाळत होता, डावीकडे सावली होती. पुढच्या रांगांत बसलेल्या पन्नास माणसांना ते दिसत होतं. बहुतेकांनी गोष्ट वाचली होती. नानांनी तिच्या प्रती काढून सातही वाड्यांत वाटल्या होत्या. द्रौपदीकाकी माझ्या पलीकडे बसल्या होत्या. त्यांनी एकदा समईकडे बघितलं, एकदा नानांकडे, आणि पदर खांद्यावरून नीट घेतला.

भिवाकाकांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा रवळनाथा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत, म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!”

“हेमंत दळवीच्या हातात गावाचो कारभार देवक तुझी मर्जी असात, तर उजवो कौल दी, म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!”

मी घड्याळात बघितलं. दहा वाजून चार मिनिटं. नानांनी हात जोडले होते आणि डोळे मिटले होते. मला आजही वाटतं की ते खरंच प्रार्थना करत होते. मी त्यावर बराच विचार केला आहे. त्यांचे ओठ हलत होते.

दहा वाजून तेरा मिनिटांनी उजवी पाकळी वरून सुटली, क्षणभर लोंबली आणि पडली. माझ्या वहीतल्या सरासरीपेक्षा दोन मिनिटं लवकर.

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणालं. आवाज घुमटात घुमला. तो खाली येईपर्यंत मला कळलं की त्यात माझाही होता. लहानपणापासूनची सवय. तोंडातून निघून गेलं. मी शेवटच्या रांगेत बघितलं. बाबांचे हात जोडलेले होते, तोंड बंद होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओरडलेलं त्यांनी ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही.

हेमंत बिनविरोध सरपंच झाला. पुढे अजून दोनदा. मला त्याच महिन्यात पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि मी गाव सोडलं. गोष्ट त्यानंतर मी लिहिली नाही. नाना सहा वर्षांपूर्वी गेले. देवस्थानच्या फलकावर अध्यक्ष म्हणून अजून त्यांचंच नाव आहे. ते काढायला समितीची सभा घ्यावी लागेल आणि सभा अध्यक्षांनीच बोलवायची असते.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं. कौल झाल्यावर आम्ही घरी आलो. आईने भात टाकला. बाबा पडवीत त्यांच्या जागी बसले, हात रिकामे. वाती वळायचं काम आता नव्हतं. मी सामान बांधायला घेतलं होतं आणि वही हातात होती.

“शमू,” ते म्हणाले, “ती वही बघू.”

मी त्यांना पान उघडून दिलं. त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवलं. आकडे त्यांना वाचता येत होते.

“ह्यो समई जवळ ठेवल्यावरचो हिशोब.”

“होय.”

“आणि माझ्यासारखी ठेवल्यार? दोनय बाजूक दोन वीत? तेव्हा काय येता?”

ते मागच्या पानावर होतं. तुलनेचा प्रयोग केल्याशिवाय पहिल्याला अर्थ नसतो, म्हणून मी तोही केला होता. दोन्ही समया सारख्या अंतरावर, पाकळ्या एकाच फुलाच्या, अंगठे एकाच वेळी, तीस वेळा. उजवी सोळा वेळा, डावी चौदा. नाणं उडवलं तरी तेवढंच येतं. हा आकडा मी गोष्टीत घातला नव्हता. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

बाबा पान धरून वाट बघत होते. उलटलं असतं तर दिसलं असतं. ते उलटत नव्हते. मला सुहासची आठवण झाली, त्याच्या वह्यांना खाकी कव्हर असायचं. आणि बाबांची वर केलेली दोन बोटं.

“ता मी मोजूक नाय, बाबा,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वही मिटली, दोन्ही हातांनी, आणि मला परत दिली.

“बरा केलंस,” ते म्हणाले.